चिप, लस, रक्त आणि तीन महिने

जर्मनीतल्या कंपनीचं नेमणूकपत्र हातात पडतं तेव्हा रुजू व्हायला साधारण दोन महिने उरलेले असतात. घर भाड्यानं द्यायचं, मुलांचे शाळेचे दाखले काढायचे, आईवडिलांच्या औषधपाण्याची सोय लावायची, ही यादी पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांना आता तोंडपाठ आहे. या यादीत कुत्र्याचं किंवा मांजराचं नाव बहुतेकदा सगळ्यांत शेवटी येतं आणि घोडं तिथंच अडतं. माणसाचा व्हिसा काही आठवड्यांत हाती येऊ शकतो, पण भारतातून युरोपात जाणाऱ्या कुत्र्याला सगळं सुरळीत झालं तरी चार महिने लागतात. जास्तीचे पैसे भरून किंवा ओळख काढून त्यातला एक दिवसही कमी होत नाही.

या चार महिन्यांचा हिशेब रेबीजच्या विषाणूच्या चालीवर बसवलेला आहे. पिसाळलेलं जनावर चावलं की विषाणू जखमेजवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि त्या तंतूच्या वाटेनं मेंदूकडे सरकू लागतो. ही वाट कापायला त्याला कधी काही आठवडे लागतात, कधी काही महिने. तोवर कुत्रा नेहमीसारखा खातो, खेळतो, दारात स्वागताला येतो. त्याच्यात संसर्ग आहे की नाही हे जिवंतपणी खात्रीनं सांगणारी चाचणी नाही. पक्कं निदान मेंदूच्या ऊतीवरून होतं आणि ते मृत्यूनंतर. लक्षणं दिसू लागली की मग वाचवण्याचा उपाय हाती नसतो. म्हणून ज्या देशांनी आपल्या कुत्र्यांमधला रेबीज मोठ्या कष्टानं संपवला आहे, त्यांच्यापुढे एकच मार्ग उरतो: लस द्या, ती लागू पडल्याचं रक्तातून सिद्ध करा आणि मग थांबा. जनावर आधीच बाधित असेल, तर या थांबण्याच्या काळात ते बहुधा कळून येतं.

हा धडा ब्रिटननं फार मोल देऊन घेतला. १९०२ मध्ये तिथला रेबीज संपला होता. पहिलं महायुद्ध आटोपताना परतणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो १९१८ मध्ये पुन्हा शिरला आणि पुरता जायला १९२२ उजाडलं. त्यानंतर कित्येक दशकं बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने विलगीकरणात, म्हणजे क्वारंटाइनमध्ये, काढावे लागत. तेवढ्यानंही नेहमी भागत नसे. १९६९ मध्ये जर्मनीहून आलेला फ्रिट्झ नावाचा एक कुत्रा सहा महिने पुरे करून बाहेर पडला आणि थोड्याच दिवसांत कँबर्ली या गावात त्याला रेबीज झाला. आसपासच्या रानातले कोल्हे मारण्यापर्यंत वेळ आली. सहा महिन्यांच्या कोंडवाड्याऐवजी चिप, लस आणि रक्ततपासणी यांवर विसंबणारी ‘पेट ट्रॅव्हल स्कीम’ ब्रिटननं सुरू केली ती थेट २००० मध्ये. आज जी कागदपत्रं किचकट वाटतात, त्यांनी कुत्र्यांची सहा महिन्यांची कैद संपवली, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

भारताकडे जग इतक्या सावधपणे का पाहतं, याचंही उत्तर आकड्यांत आहे. जगभरात रेबीजनं होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू एकट्या भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २००७ मध्ये भारतातून अमेरिकेत नेलेलं एक लहान पिल्लू वॉशिंग्टन राज्यातून पुढे अलास्कात पोहोचलं आणि तिथं त्याला रेबीज असल्याचं निष्पन्न झालं. कुत्र्यांमध्ये पसरणारा रेबीज देशातून संपल्याची घोषणा अमेरिकेनं केली, तीही त्याच वर्षी.

गोव्याची गोष्ट मात्र वेगळी आणि अभिमानाची आहे. ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून गावोगाव, किनाऱ्या-किनाऱ्यावर जाळी घेऊन भटक्या कुत्र्यांना लस टोचली, शाळांमधून मुलांना शिकवलं, आणि २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं ‘रेबीज-नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर झालं. लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार ही बेटं तर रेबीजमुक्तच मानली जातात. तरीही म्हापशाच्या कुत्र्याला युरोपात जाताना मालेगावच्या कुत्र्याहून वेगळी वागणूक मिळत नाही. परदेशांच्या याद्या देशवार असतात, राज्यवार नसतात. उलट संयुक्त अरब अमिरातीचं नाव युरोपच्या सवलतीच्या यादीत असल्यानं दुबईत राहणाऱ्या मराठी कुटुंबाचं मांजर रक्ततपासणीशिवाय जर्मनीत जाऊ शकतं. गोव्यासारखी कामगिरी देशभर झाली, तर पुढच्या पिढीतल्या कुत्र्यांचे हे महिने वाचतील.

आता क्रम. सगळ्यांत जास्त गाड्या इथंच रुळावरून घसरतात.

पहिली पायरी चिपची. भारतात ती खांद्याच्या फऱ्यांच्या मधोमध, कातडीखाली सुईनं बसवतात. लांबी सुमारे १२ मिलिमीटर. आत बॅटरी नाही, जीपीएस नाही. स्कॅनर जवळ धरला की त्याच्या लहरींवर ती जागी होते आणि १५ आकडी क्रमांक सांगते, एवढंच तिचं काम. ती आयएसओ ११७८४ व ११७८५ या मानकांची असावी लागते, नाहीतर परदेशातला स्कॅनर ती वाचू शकत नाही. रेबीजची लस चिपनंतर किंवा त्याच दिवशी चिप बसवून झाल्यावर द्यायची. आधी लस आणि नंतर चिप असं झालं असेल, तर ती लस मोजली जात नाही, मग कुत्र्यानं दर वर्षी न चुकता इंजेक्शन घेतलेलं का असेना. नियम कठोर वाटतो, पण त्यामागचा तर्क सरळ आहे: लस नेमक्या याच जनावराला टोचली हे सांगणारा पुरावा चिपखेरीज दुसरा कुठलाच नाही. लसीकरणाच्या पुस्तकावरचा फोटो कुठल्याही काळ्या लॅब्रॅडॉरचा असू शकतो.

लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेतात. या तपासणीला घरोघरी ‘टायटर टेस्ट’ म्हणतात. रक्तातून वेगळा काढलेला द्रव थंड ठेवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवला जातो आणि त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडं प्रतिमिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरावी लागतात. प्रयोगशाळा मात्र कुठलीही चालत नाही. फ्रान्समधल्या नान्सी शहरातली संशोधन संस्था दर वर्षी जगभरच्या प्रयोगशाळांची परीक्षा घेते आणि तीत उतरणाऱ्यांनाच युरोपची मान्यता टिकवता येते. आयुष्यातली पहिलीच लस घेतलेली तरुण कुत्री या तपासणीत नापास होण्याची शक्यता अधिक, म्हणून अनुभवी डॉक्टर बऱ्याचदा दुसरा डोस देऊन मगच रक्त घेतात. नमुना घ्यायला फार उशीर करण्यातही अर्थ नाही, कारण लसीनंतर काही आठवड्यांनी शिखर गाठलेलं प्रतिपिंडांचं प्रमाण पुढे उतरू लागतं.

नमुना घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. अहवाल हाती आल्याच्या तारखेपासून नव्हे. हा बारकावा ज्यांना ठाऊक असतो त्यांचे दोन-तीन आठवडे वाचतात. रेबीजची लस युरोप बारा आठवड्यांच्या वयाआधी मानत नाही. त्यात तीस दिवस आणि तीन महिने मिळवले, की भारतातलं पिल्लू सुमारे सात महिन्यांचं होईपर्यंत युरोपात पाऊल ठेवू शकत नाही, हे गणित आपोआप निघतं. परदेशी जायचं ठरत असताना नवं पिल्लू घरी आणणाऱ्यांनी ते आधीच मांडावं.

शेवटचा टप्पा घाईचा असतो. केंद्र सरकारच्या पशुसंगरोध व प्रमाणन सेवेची कार्यालयं मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद इथं आहेत. तिथले पशुवैद्यकीय अधिकारी चिप वाचतात, कागद पडताळतात, जनावराची तपासणी करतात आणि निर्यातीचं आरोग्य प्रमाणपत्र देतात. युरोपसाठीचं प्रमाणपत्र मिळाल्यापासून दहा दिवसांच्या आत पोहोचावं लागतं. ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वे यांना कुत्र्यासाठी आणखी एक नोंद लागते: पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या मधे डॉक्टरांनी दिलेलं पट्टकृमीचं औषध. मालक आणि जनावर यांच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर पडलं, तर युरोप त्याला व्यापारी वाहतूक धरतो आणि नियमांचं पुस्तकच बदलतं. ‘आम्ही पुढे जातो, महिन्याभरानं काका त्याला पाठवतील’ असा बेत करणाऱ्यांना हे सहसा फार उशिरा कळतं.

देश बदलला की गणित बदलतं. अमेरिकेनं १ ऑगस्ट २०२४ पासून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला किमान सहा महिन्यांचं वय आणि चिप सक्तीची केली. भारत तिथं जास्त धोक्याच्या देशांत मोडतो. त्यामुळे भारतात लस घेतलेल्या कुत्र्याला ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र आणि ठरावीक विमानतळावरच्या नोंदणीकृत केंद्रात आगाऊ आरक्षण लागतं. टायटरचा अहवाल नसेल, तर २८ दिवसांचं विलगीकरण मालकाच्या खर्चानं. मांजरांना मात्र अमेरिकेचं केंद्रीय आरोग्य खातं रेबीजच्या लसीची अट घालत नाही; राज्यांचे आणि विमान कंपन्यांचे नियम वेगळे पाहावे लागतात. जपानमधला रेबीज १९५७ मध्येच संपला. तिथं चिपनंतर दोन लशी, मग रक्त, मग १८० दिवसांची प्रतीक्षा आणि पोहोचण्याच्या ४० दिवस आधी सूचना असा क्रम आहे. ही प्रतीक्षा भारतात घरच्या गादीवर काढता येते. ती न काढता गेलेल्या जनावराला उरलेले दिवस जपानच्या संगरोध केंद्रात काढावे लागतात.

ऑस्ट्रेलिया सगळ्यांत कडक. भारतातून कुत्रं किंवा मांजर तिथं थेट नेताच येत नाही. आधी ऑस्ट्रेलियाला मान्य असलेल्या दुसऱ्या एखाद्या देशात किमान १८० दिवस मुक्काम, तिथली कागदपत्रं आणि मग मेलबर्नजवळच्या मिकलहॅम केंद्रात किमान दहा दिवस. हा नियम कुणासाठीही वाकत नाही, हे २०१५ मध्ये जगानं पाहिलं. हॉलिवूडचा नट जॉनी डेप आणि त्याची तेव्हाची पत्नी अँबर हर्ड यांनी पिस्टल आणि बू हे दोन छोटे यॉर्कशायर टेरियर खासगी विमानातून, जाहीर न करता क्वीन्सलंडमध्ये नेले होते. कृषिमंत्री बार्नबी जॉइस यांनी ठणकावलं की कुत्री देशाबाहेर न्या, नाहीतर त्यांना मारावं लागेल. कुत्री तातडीनं परत गेली, पुढल्या वर्षी हर्डनं प्रवेशाच्या कागदावर खोटी माहिती दिल्याचं न्यायालयात मान्य केलं आणि दोघांनी माफीची चित्रफीत प्रसिद्ध केली. मंत्र्यांची भाषा अनेकांना लागली, पण त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता.

नियम शिथिल झाल्याचीही उदाहरणं आहेत. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा तिथं शिकणाऱ्या काही भारतीय विद्यार्थ्यांनी आपली कुत्री-मांजरं मागे ठेवून निघायला नकार दिला. ‘ऑपरेशन गंगा’च्या त्या धांदलीत भारत सरकारनं या प्राण्यांसाठी एकदाच लागू होणारी सवलत दिली आणि विद्यार्थ्यांबरोबर ती सुखरूप मायदेशी आली. युरोपीय देशांनीही युक्रेनी निर्वासितांच्या प्राण्यांना कागदांविना आत घेतलं आणि लस, चिप, विलगीकरण हे सोपस्कार आत आल्यावर केले.

काही प्राण्यांचा प्रश्न मात्र कागदांनी सुटणारा नाही. जर्मनीत पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, बुल टेरियर आणि त्यांचे संकर नेण्यास बंदी आहे. ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्यानं पिटबुल, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो यांना मज्जाव आहे. एक्सएल बुलीची भर अलीकडची. आपला हिरवा पोपट तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो घरात पाळणंच गुन्हा आहे. आफ्रिकन ग्रे हा बोलका पोपट २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे.

कागदांइतकाच वेळ विमानाच्या पिंजऱ्याला, म्हणजे क्रेटला, द्यावा लागतो आणि नेमकं तेच राहून जातं. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या नियमांत क्रेटचं माप काढायची रीत दिली आहे. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी घ्यायची, तीत जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवायचा. ही क्रेटची आतली लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही रुंदी. उंची उभ्या कुत्र्याच्या डोक्यापर्यंत किंवा कानांच्या टोकापर्यंत, यांतली जी जास्त असेल ती, अधिक अंथरुणाची जाडी. आपल्या इंडी कुत्र्यांचे कान ताठ उभे असतात, त्यामुळे त्यांचा क्रेट अंदाजापेक्षा मोठा निघतो. समजा, लांबी ७६ सेंटिमीटर, कोपराची उंची ३८, खांदे १८ आणि कानाचं टोक ६८ सेंटिमीटरवर, तर क्रेट आतून किमान ९५ लांब, ३६ रुंद आणि ६८ हून थोडा उंच हवा. आखूड नाकाच्या जातींना याहून दहा टक्के मोठा.

आखूड नाकाचा मुद्दा इथं थांबून सांगायलाच हवा. २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग दिसला आणि भारतभर पगांची लाट आली. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांची कवटी माणसानं निवड करकरून आखूड केली, पण घशामागचा मऊ भाग त्या प्रमाणात घटला नाही. श्वासाची वाट अरुंद राहिली. कुत्रा घामानं नव्हे तर धापा टाकून अंग थंड करतो आणि या जातींना नेमकी धापच नीट टाकता येत नाही. अमेरिकेच्या परिवहन विभागानं २०१० मध्ये पाच वर्षांची आकडेवारी प्रसिद्ध केली, तेव्हा विमानप्रवासातल्या १२२ कुत्र्यांच्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे आखूड नाकाच्या जातींचे होते. म्हणूनच अनेक कंपन्या पगला मालकक्षात घेतच नाहीत. मे महिन्यातल्या मुंबईच्या तापलेल्या धावपट्टीशेजारी अर्धा तास वाट पाहत थांबलेला बुलडॉग म्हणजे जिवाशी खेळ आहे. अशा कुत्र्यासाठी हिवाळा आणि रात्रीचं उड्डाण निवडावं, आणि हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर बेतच सोडावा.

झोपेचं औषध देऊन पाठवावं, हा सल्ला अजूनही सर्रास मिळतो. तो धोक्याचा आहे. गुंगीच्या औषधांनी रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळण्याची क्षमता मंदावते आणि क्रेट हलला तर जनावराला तोल सावरता येत नाही. गुंगीतलं जनावर विमान कंपनी परतही पाठवू शकते. औषधापेक्षा सवय कामाची. प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी क्रेट दिवाणखान्यात उघडा ठेवावा. आधी त्यात जेवण, मग दुपारची झोप, मग दार पाच मिनिटं बंद, मग तासभर, मग गाडीत ठेवून फेरी, असं हळूहळू ते अंगवळणी पडू द्यावं. दाराला अडकवलेल्या भांड्यातून पाणी प्यायलाही कुत्र्याला शिकावं लागतं. निघण्यापूर्वी चार-सहा तास हलकं खाणं आणि घरातली न धुतलेली चादर सोबत, एवढं पुरतं. ज्या मालकक्षात प्राणी असतात त्यात हवेचा दाब आणि तापमान प्रवाशांच्या कक्षासारखं राखलेलं असतं. प्राण्यांना त्रास बहुधा उड्डाणात होत नाही, तो जमिनीवर चढवण्या-उतरवण्याच्या खोळंब्यात होतो. म्हणून शक्यतो थेट विमान, आणि बदलायचंच असेल तर प्राण्यांची सोय असलेला विमानतळ. फ्रँकफर्टला लुफ्तान्साचं सुमारे ४००० चौरस मीटरांचं प्राणी-विश्रामगृह आहे. तिथं पशुवैद्यही असतात.

मांजरं आणि लहान कुत्री काही कंपन्यांत मालकाच्या पायाशी बसून जाऊ शकतात. लुफ्तान्साची मर्यादा पिशवीसकट आठ किलोंची. एमिरेट्सच्या केबिनमध्ये मदतनीस कुत्रे सोडले तर पाळीव प्राण्यांना जागा नाही. अपवाद शिकारी ससाण्याचा, आणि तोही दुबई-पाकिस्तानमधल्या ठरावीक मार्गांवर. ब्रिटनमध्ये विमानानं येणारा प्राणी मालवाहतुकीतूनच यावा लागतो. त्यामुळे अनेक कुटुंबं पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमला उतरून पुढे गाडीनं, युरोटनेलमधून इंग्लंडला जातात. मार्ग लांबचा आहे, पण कुत्रा शेवटचे काही तास मालकाशेजारी असतो.

पोहोचल्यावर जर्मनीत कुत्र्याची नोंद नगरपालिकेत करून श्वानकर भरायचा; बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्यासाठी वर्षाला १२० युरो. घरमालकाची लेखी परवानगी करारात आधीच घेतलेली असावी, कारण तिच्याविना भाड्याचं घर मिळूनही कुत्रा दारातच अडतो. बारा-तेरा वर्षांचा थकलेला कुत्रा असेल आणि साताऱ्यात किंवा रत्नागिरीत आजी-आजोबांच्या घरी तो पूर्वीपासून रमत असेल, तर त्याला तिथं ठेवणं हाही प्रेमाचाच निर्णय आहे. फक्त ते लादलेलं ओझं नसून आनंदानं पत्करलेली जबाबदारी आहे का, हे त्या दोघांना मोकळेपणानं विचारलेलं असावं.

जे सोबत नेतात, त्यांना पुढे सुट्टीत भारतात आणायचं असेल तर युरोपातून निघण्यापूर्वीच टायटर तपासणी करून तिची नोंद तिथल्या प्राणी-पासपोर्टमध्ये करून घ्यावी. ती असली की परतताना तीन महिने थांबावं लागत नाही. रेबीजचा बूस्टर मुदतीत देत राहिलं तर ही तपासणी आयुष्यभर चालते. बूस्टर एका दिवसानं जरी चुकला, तरी लस, तीस दिवस, रक्त आणि तीन महिने हे सगळं पहिल्यापासून सुरू होतं. भारतातल्या प्रवेशासाठी पशुसंगरोध विभागाचं ना-हरकत पत्र लागतं, ते वेळेत मागवावं.